लोकर आणायला गेले आणि चॉपर घेऊन आले

मागच्या अंकात क्रोशाच्या सुयांबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हणून गेले होते की सांगलीच्या हस्तकला प्रदर्शनात हस्तकला सोडून बाकी सगळं मिळतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळी दुसरा विषय घेताच येत नाहीये. रुखवताच्या बाहुल्या आणि मोत्याच्या तोरणाचे प्रश्न पुढच्या वेळी घेते, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी तासगावची. सहा-सात वर्षं क्रोशा करते, थोडं भरतकाम पण. पेपरात पॅम्प्लेट आलं होतं, "हस्तकला, छंद आणि बरंच काही", म्हणून जाऊबाईंना घेऊन एसटीनं सांगलीला आले, हॉल विश्रामबागला, तिकीट वीस रुपये. आत गेल्या गेल्या काय तर नाइट्या. मग लोणची, मग गादीवाला, मग माइकवर ओरडून दोरीनं भाजी चिरायचा चॉपर विकणारा माणूस, मग एक ग्रॅमचे दागिने, सुरतच्या साड्या, आणि ते मॅग्नेटचं कडं ज्यानं म्हणे गुडघे दुखायचे थांबतात. लोकरीचा एकच स्टॉल, सगळे गुंडे एकमेकांत गुंतलेले, लेबल नाही, किती प्लायची, म्हणजे किती पदरांची आहे विचारलं तर तो मुलगा म्हणतो "मॅडम, चांगली आहे". जाऊबाई म्हणाल्या तुझ्याच अपेक्षा जास्त. खरंच का हो? आणि सांगायला लाज वाटते, पण चॉपर मी घेतला.

उत्तर : चॉपरची लाज कसली, माझ्याकडे दोन आहेत आणि दोन्हींची दोरी तुटलीय.

तुमच्या अपेक्षा अजिबात जास्त नाहीत. फक्त एक गोष्ट माझ्या पण फार उशिरा डोक्यात शिरली ती सांगते. आपल्याला वाटतं तिकीट काढून आत आलो म्हणजे आपण गिऱ्हाईक. तसं नसतं. प्रदर्शन भरवणाऱ्याचं गिऱ्हाईक म्हणजे स्टॉलवाला. तुमच्या वीस रुपयांवर त्याचं काही चालत नाही, हॉलचं भाडं, मांडव, लाइट, जाहिरात हे सगळं स्टॉलच्या भाड्यातून निघतं, मग जो भाडं देईल तो आत. नाव हस्तकलेचं ठेवायचं कारण त्या नावावर बायका येतात, आणि बायका आल्या की नाइटीवाला पुढच्या वर्षी परत स्टॉल घेतो. एवढं साधं आहे ते.

आता हिशोब बघा. समजा तीन दिवसांच्या स्टॉलचं भाडं साडेचार हजार. मी क्रोशाची एक पर्स करते, दोरा १२० रुपयांचा, अस्तर आणि चेन मिळून ६०, म्हणजे १८० घातले. किंमत लावली ५५०, आणि समजा कुणी घासाघीस न करता घेतली (ही कल्पनाच म्हणायची), तर सुटले ३७०. बारा पर्सेस विकल्या तरी भाड्याला साठ रुपये कमीच पडतात, तेरावी विकावी लागते. एका पर्सला माझे नऊ तास जातात, तेरा पर्सेसचे झाले ११७ तास, आणि एवढं करून फक्त भाडं निघालं, रिक्षा नाही, चहा नाही, माझी मजुरी तर नाहीच. चॉपरवाल्याला समजा एका नगामागे साठ रुपये सुटतात, त्याला ७५ नग विकायचेत, ते तो शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारपर्यंत माइकवर ओरडून विकतो. आता सांगा, पुढच्या वर्षी कोण परत येणार, तो का मी?

म्हणून दरवर्षी प्रदर्शनातून हातानं करणाऱ्या बायका एकेक करून गळतात आणि आणून विकणारे राहतात. कुणी मुद्दाम करत नाही. लोकरवाल्या त्या मुलाचं पण तेच, त्यानं कुठल्यातरी गिरणीचा उरलेला माल किलोवर उचललेला असणार, गेल्या महिन्यात तो बेडशीट विकत होता, पुढच्या महिन्यात छत्र्या विकेल. त्याला प्लाय काय माहीत.

मी पण एकदा स्टॉल घेतला होता, सांगलीतच, नाव कुणाचं घेत नाही. फोनवर मला शपथेवर सांगितलेलं की फक्त हातानं केलेल्याच वस्तू. जाऊन बघते तर माझ्या डाव्या हाताला नॉनस्टिक तवेवाला, दर दहा मिनिटांनी बिनतेलाचं आम्लेट करून दाखवतोय. तीन दिवस माझ्या टेबलक्लॉथना कांद्याचा वास. विक्री काय झाली तर चार कीचेन, एक तोरण आणि एक टेबलक्लॉथ.

पण त्या टेबलक्लॉथचं सांगायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा, मी डबा खात बसलेले, एक नऊवारीतल्या आजी आल्या, पंच्याहत्तरीच्या तरी असतील. बाकी सगळे किंमत बघतात. यांनी किंमत बघितलीच नाही, चष्मा वर केला आणि टेबलक्लॉथ सरळ उलटा केला. मागच्या बाजूनं बोट फिरवत एक कोपरा, दुसरा कोपरा, मधलं मोठं फूल, असं सगळं चाचपलं. मग म्हणाल्या, "गाठ मारली नाहीस कुठं." मी म्हटलं नाही आजी, दोरा टाक्याखालून घेऊन संपवलाय. "कुणी शिकवलं?" म्हटलं आईनं. मान हलवली, कमरेच्या पिशवीतून पैसे काढले, सांगितली तेवढी किंमत दिली आणि गेल्या. तीन दिवसांत मागची बाजू बघणारं ते एकच माणूस. मी तर म्हणते तुम्ही पुढच्या वेळी गेलात की प्रत्येक भरतकाम उलटं करून बघा, मागून दोऱ्यांचा गुंताडा असेल आणि वर चिकट कागदी अस्तर लावलेलं असेल तर ते मशीनचं, पाटीवर काहीही लिहिलेलं असू दे.

प्रश्न : कराडहून लिहितेय. प्रदर्शनात "प्युअर कॉटन" म्हणून शंभर रुपयांत दोऱ्याचे पाच गुंडे घेतले, नातवासाठी टोपी आणि मोजे केले. पहिल्या धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला आणि टोपी ढिली होऊन कानावर आली. सुई पण तिथूनच घेतली होती, पॅटर्नमध्ये ३.२५ मिमी लिहिलंय आणि सुईवर १० नंबर आहे. माझं काय चुकलं?

उत्तर : काकू, सुई तुमची बरोबर होती. आपल्याकडच्या विणायच्या सुयांवर अजून जुने इंग्लिश नंबर असतात, त्यात १० नंबर म्हणजे ३.२५ मिमीच, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. उलटा कारभार आहे, नंबर वाढला की सुई बारीक. हे फक्त विणायच्या दोन सुयांचं हं, क्रोशाच्या हुकवर मिमी छापलेलं नसेल तर तो घेऊच नका, तिथं प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा.

गडबड दोऱ्याची आहे. प्युअर कॉटन आहे का हे बघायला लॅब लागत नाही, काडेपेटी लागते. बोटभर दोरा तोडायचा, चिमट्यात धरायचा, खाली स्टीलची ताटली, आणि गॅसजवळ नाही, ओढणी सावरून, मग पेटवायचा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख अशी मऊ की फुंकरीनं उडते. खरी लोकर असेल तर केस जळल्याचा वास, आणि ज्वाळा काढली की आपोआप विझते, मागे काळी कुरकुरीत गाठ राहते ती बोटानं चुरडते. अॅक्रिलिक वितळतं, थेंब होतो आणि तो थंड झाला की मण्यासारखा कडक, नखानं फुटत नाही. तो थेंब गरम असताना हात लावू नका, मी लावलाय, आठवडाभर डाव्या हातानं चहा पीत होते. मिक्स दोरा असेल तर थोडी राख आणि थोडा खडा असं दोन्ही दिसतं, बहुतेक तुमचं तेच निघेल.

आता प्रदर्शनात काडी पेटवता येत नाही हे मला कळतं. तिथं रुमाल. पांढऱ्या रुमालाचा कोपरा बाटलीतल्या पाण्यानं ओला करा, दोऱ्यावर दाबून वीस-पंचवीस वेळा घासा. लाल, गडद निळा आणि काळा हे तिघं मुख्य गुन्हेगार. रुमालाला रंग लागला तर बाळाच्या टोपीला तो दोरा नको, विकणारा कितीही म्हणू दे की पहिल्यांदाच जातो. रुमाल घासू देत नसेल तर त्यातच उत्तर आलं.

आणि लेबल. लेबलवर दोन नंबर असतात, एक रंगाचा आणि एक रंगवलेल्या घाण्याचा, ज्याला लॉट नंबर म्हणतात. रंगाचा नंबर सारखा असून लॉट वेगळा असेल तर स्वेटरचा एक हात जरासा फिक्का येतो, ट्यूबलाइटमध्ये कळत नाही, उन्हात नेलं की दिसतं. बिनलेबलच्या मालात हे काहीच कळत नाही आणि कमी पडला तर परत मिळत पण नाही, म्हणून तसला दोरा घ्यायचाच असेल तर पायपुसणं, कुंडीचं कव्हर, तोरण असल्या कामाला घ्या आणि लागेल त्यापेक्षा दीडपट घ्या. वजन पण करून बघा हं घरी. माझा शंभर ग्रॅमचा गुंडा ८२ भरला होता.

टोपी ढिली का झाली ते टोपी न बघता नक्की सांगता येणार नाही, पण सुती दोऱ्याला लोकरीसारखा ताण नसतो, ओला झाला की लोंबतो. काठाला दोन सुलट दोन उलट घालून एक सुई बारीक घेतली असती तर बसली असती.

प्रश्न : प्रदर्शनातून रेझिनचं किट आणलं, चार दिवस झाले तरी वरून चिकटच आहे. (विटा)

उत्तर : दोनांपैकी एक. माप चुकलं किंवा बाटली जुनी. काही रेझिनला दोनास एक हार्डनर (घट्ट करणारी दुसरी बाटली) लागतो, काहींना एकास एक, काहींना तीनास एक, आणि काही मापानं मोजायचे तर काही वजनानं, जे बाटलीवर असेल तेच, अंदाजपंचे नाही, हार्डनर जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही. तीन-चार मिनिटं हळू ढवळायचं आणि कपाच्या कडा-तळ खरवडून घ्यायचा, तिथंच कच्चं राहतं. हार्डनर पिवळा पडला असेल तर तारीख बघा, बहुतेक स्टिकर वर स्टिकर असेल. ओलं रेझिन उघड्या हातानं हाताळू नका, अंगावर पुरळ येते आणि एकदा अॅलर्जी बसली की ती जात नाही. खिडकी उघडी ठेवा. आणि त्यात खायची ताटली करायचा विचार असेल तर सोडून द्या.

प्रश्न : मिरजेहून. बायको गोधड्या शिवते, फार सुंदर शिवते, नवरा म्हणून म्हणत नाही. दिवाळीच्या आधी एका प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा म्हणतेय, आयोजक रोज फोन करतायत की दोनच स्टॉल राहिलेत. घ्यावा का? मला भीती वाटते की हिरमुसून परत येईल.

उत्तर : दोनच स्टॉल राहिलेत हे मला पण सांगितलेलं, आणि मी गेले तेव्हा माझ्या समोरचे चार रिकामे होते.

भाऊ, पैसे भरायच्या आधी वहिनींना म्हणावं, एकदा हे प्रदर्शन नुसतं बघून या, याच आयोजकांचं आधीचं कुठलं तरी, कोल्हापूरला असेल, कराडला असेल. आणि तिथल्या गिऱ्हाइकांशी नाही, स्टॉलवाल्यांशी बोला, शेवटच्या दिवशी दुपारी चारनंतर, तेव्हा माणूस खरं बोलतो. गोधडी किंवा भरतकाम विकणारी एखादी असेल तर तिला विचारा की पुढच्या वर्षी येणार का. मग आयोजकांना विचारायचं की एकूण स्टॉल किती आणि त्यातले स्वतः बनवणारे किती, आमच्या शेजारी कोण, माइक कुणाकुणाला दिलाय, रात्री सामानाला राखण आहे का, पाऊस आला तर काय, रद्द झालं तर पैसे कधी परत, आणि हे सगळं पावतीवर लिहून द्याल का. शेवटच्या प्रश्नाला फोनवर एकदम रेंज जाते बघा.

गोधडीचं अजून एक आहे. आपल्या भागात जिला वाकळ म्हणतात ती घरोघरी होती, आजीच्या लुगड्यांची, त्यामुळे सांगली-मिरजेत लोकांना वाटतं ही काय विकत घ्यायची वस्तू आहे का, आमच्या आईनं दहा शिवल्यात. पुण्या-मुंबईच्या माणसाला तसं वाटत नाही. म्हणून टेबलावर नुसत्या घड्या घालून ठेवल्या तर लोक "बेडशीट केवढ्याला" विचारून जातील. एक अर्धवट गोधडी घेऊन तिथंच शिवत बसायला सांगा. कडेनं सुरू करून चौकोनात आत आत जाणारा धावदोरा, तो हात चालताना दिसला ना की माणूस थांबतो, आणि थांबला की बोलतो, मग किंमत सांगायला तोंड उघडतं. मला हे तवेवाल्यानं शिकवलं म्हणायला हरकत नाही, त्याच्या आम्लेटपुढं गर्दी का होती तर तो करून दाखवत होता.

आणि पहिल्या वेळी अख्खा स्टॉल नको. दोघी-तिघींनी मिळून एक घ्या. नाहीतर संक्रांतीच्या वाणाच्या, रुखवताच्या ऑर्डरी धरा, गल्लीतून आणि नात्यातून, तिथं भाडं नाही आणि माइक पण नाही. मी अजून त्याच्यावरच उभी आहे.

प्रश्न : मी साताऱ्याची, आमचं बायकांचं मंडळ दरवर्षी गणपतीआधी प्रदर्शन भरवतं. तुम्ही लिहिणाऱ्या मंडळींना टीका करायला सोपं जातं. आम्ही पहिली दोन वर्षं फक्त हस्तकलेचेच स्टॉल घेतले, निम्मे रिकामे राहिले, हॉलचं भाडं आम्ही वर्गणी काढून भरलं. साडीवाले घेतले तेव्हा कुठं जमाखर्च जुळला. वर हस्तकलावाल्या बायकाच आम्हाला फसवतात, बाजारातून आणून स्वतः केलंय म्हणून सांगतात. आम्ही काय घरोघर तपासत फिरायचं का?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना जरा खाली बघितलं मी, कारण फसवणाऱ्या बायकांत माझा नंबर लागतो. दुसऱ्या वर्षी परत स्टॉल घेतला तेव्हा आजारपणात माझा मालच कमी झाला होता, टेबल ओकंबोकं दिसेल म्हणून पुण्याच्या रविवार पेठेतून दोन डझन तयार लटकन आणले आणि माझ्या तोरणांत मिसळून मांडले. पहिल्या दिवशी पहिले तेच संपले. एका मुलीनं विचारलं, तुम्हीच केलेत का, आणि मी मान हलवली. नुसती मान हलवली, तोंडानं हो म्हटलं नाही, ही पळवाट मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. तेव्हा आयोजकांनी तपासायचं कसं हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि वर्गणी काढून भाडं भरणाऱ्या मंडळाला मी बोललेच नव्हते, पण वाक्य सरसकट लिहिलं गेलं, चूक माझी.

साडीवाले काढा असं मी म्हणणार नाही. पण सगळ्यांना एकच भाडं का? साडीवाल्याला आणि चॉपरवाल्याला गर्दी हवी असते, आणि ती गर्दी हस्तकलेच्या नावानं येते, म्हणजे आमच्या नावावर ते धंदा करतात, तर त्यांचं भाडं थोडं वाढवून त्यातून चार-पाच टेबलं करणाऱ्या बायकांना फुकट किंवा नाममात्र द्या. अख्खा स्टॉल नको, फक्त टेबल. अट एकच, तिथं बसून काम करायचं. मग घरोघर तपासायची गरज नाही, जिला येतं ती करेल आणि जी बाजारातून आणते तिला तीन दिवस सुई हातात धरून बसवणार नाही. मला अशी अट असती तर ते लटकन मी आणलेच नसते.

आणि पाट्या दोन रंगांच्या करा, "स्वतः बनवलेलं" आणि "विक्रीसाठी आणलेलं". दुसऱ्या पाटीत कमीपणा काही नाही. साडी चांगली असेल तर लोक घेणारच की. लोकांना राग येतो तो आणलेलं केलेलं म्हणून खपवल्याचा.

कुठं जमलंय का म्हणाल तर दिल्लीत दिल्ली हाट नावाचा हस्तकलेचा बाजार आहे, १९९४ पासून, तिथं कारागिरांना गाळा पाळीपाळीनं पंधरा-पंधरा दिवसांसाठी मिळतो, म्हणजे एकच जण ठाण मांडून बसत नाही आणि येणाऱ्याला दर वेळी नवं दिसतं. आता तिथं पण आणलेला माल शिरतो अशी कुरकुर असते म्हणा. पण ती सरकारी जागा, आपल्याला हॉलचं भाडं द्यायचंय हे मला कळतं, त्यातली पाळीची कल्पना तेवढी घेता येईल. यंदा ज्यांना फुकट टेबल दिलं त्यांना पुढच्या वर्षी भाड्यानं, आणि टेबल दुसऱ्यांना.

राहिलं सामान. आमच्यासारख्यांना तयार वस्तू नकोच असतात हो, आम्ही बघतो आणि मनात म्हणतो घरी करू. आम्हाला सुया, दोरे, भरतकामाचं मॅटीचं कापड, क्विलिंगच्या कागदी पट्ट्या, बरे मणी असलं हवं असतं, जे साताऱ्यात एका दुकानात मिळत नाही. गावातल्याच दुकानदाराला एक स्टॉल द्या ना, ज्याला प्लाय म्हणजे काय ते माहीत आहे. शेजारी एखाद्या काकूंना बसवा, मुका खांब आणि खांब या क्रोशाच्या टाक्यांतला फरक फुकट दाखवायला. दुकानदाराचा माल संपेल बघा, आणि चॉपर घ्यायला आलेली मुलगी हुक घेऊन जाईल.

प्रश्न : प्रदर्शनात "ओरिजिनल कोल्हापुरी" पाचशेला मिळत होती, घेतली, महिन्यात तळ सुटला. ओळखायची कशी? (सांगली)

उत्तर : उलटी करून. आजींचाच नियम. खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो आणि तळ नुसता चिकटवलेला पण नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवलेला असतो, ती शिवण कडेनं दिसते. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्याला एक तुरट वास येतो, रेक्झिनला प्लॅस्टिकचा येतो. नवी चप्पल पहिले आठ दिवस चावते आणि चालताना वाजते, तुमची पहिल्या दिवसापासून मऊ होती ना? आणि कोल्हापुरी घ्यायला कोल्हापूरच पाहिजे असं नाही, २०१९ ला तिला जीआय (म्हणजे ही त्या भागाचीच खास वस्तू अशी सरकारी नोंद) मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत कोल्हापूर-सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा पण आहेत. म्हणजे घरचीच वस्तू आपण प्रदर्शनात जाऊन खोटी घेतो.

प्रश्न : मग ताई, प्रदर्शनात नाही तर जायचं कुठं? पुणं दर वेळी परवडत नाही.

उत्तर : हे बिननावाचं पोस्टकार्ड होतं, पण प्रश्न बरोबर आहे. सामानासाठी मी वर्षातून दोनदा पुण्याला रविवार पेठ, बोहरी आळी करते, चौघी मिळून जातो, यादी करून, आणि एकमेकींच्या लडी वाटून घेतो. कापडासाठी मात्र पुणं कशाला, इचलकरंजी आपल्याला तासाभरावर आहे, यंत्रमागाचं गाव, तिथं सुती कापडाचे तुकडे आणि काठ किलोवर मिळतात, गोधडीवालीला स्वर्ग. सकाळी जा आणि पिशवी मोठी न्या.

आणि हातानं केलेलं बघायची हौस असेल तर मिरजेत सतार करणाऱ्यांकडे जाऊन एकदा उभं राहा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मिळालं, पेपरात सगळ्यांनी वाचलं, पण रिक्षानं वीस मिनिटांवर असून बघायला किती जणी गेलो? सतारीच्या तुंब्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, मोठमोठे, माळ्यावर वाळत ठेवलेले असतात. मी गेले तेव्हा एक जण तुंब्याच्या सांध्यावर पानांची नक्षी कोरत होता, पेन्सिलची रेघ नाही, काही नाही, नुसतं हातानं. मी तासभर उभी होते, त्यानं एकदा वर बघितलं आणि विचारलं, वाजवता का? म्हटलं नाही, विणते. तर म्हणाला, मग बसा.

जत-आटपाडीकडे घोंगड्या विणणारे अजून आहेत. दख्खनी मेंढीची लोकर, धनगरांच्या बायका कातायच्या आणि सनगर विणायचे अशी जुनी पद्धत, खड्ड्यातला माग, आणि ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ. मी तिथून न रंगवलेलं काळं सूत आणलं थोडं, त्याचा स्वेटर होत नाही, टोचतं, पण आसन आणि पिशवी अशी होते की फाटायचं नाव नाही. सूत विकत द्याल का विचारल्यावर त्या म्हाताऱ्या बाबांना हसू आलं होतं, आजवर सगळ्यांनी घोंगडीच मागितली म्हणाले. घोंगडी घेतलीत तर ती खळीमुळं पहिले काही दिवस कडक असते आणि भिजली की तिला वास सुटतो, तेव्हा पहिलं धुणं अंगणात करा, बाथरूममध्ये नको, आमच्याकडे चार दिवस मेंढरं बांधल्यासारखा वास होता आणि सासूबाई काही न बोलता फक्त खिडक्या उघडत फिरत होत्या.